रान, गोठा आणि प्रयोगशाळा : राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची वाटचाल

या संस्थेचे ‘एनआयव्ही’ हे नाव २०२० च्या मार्चनंतर घराघरात पोचले. त्याआधी ते जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, पशुवैद्यांना आणि साथीच्या बातम्या लिहिणाऱ्या पत्रकारांना ठाऊक होते. बाकी पुणेकर डॉ. आंबेडकर रस्त्यावरची पाटी वाचून पुढे जात. संस्था आता पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. तिच्या सगळ्या कामाचा ताळेबंद येथे मांडलेला नाही. काविळीच्या आणि लहान मुलांच्या जुलाबाच्या विषाणूंवर येथे मोठे काम झाले, त्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. या लेखात धागा एकच धरला आहे : जनावरांकडून माणसाकडे येणारे विषाणूजन्य आजार. संस्थेचा जन्म त्यासाठीच झाला होता, आणि तिची खरी परीक्षाही दर वेळी त्यातच झाली.

१९५२ ते १९६० : पीतज्वराची धास्ती आणि क्यासनूर

पीतज्वर हा आफ्रिकेचा आणि दक्षिण अमेरिकेचा आजार. तिकडच्या रानात तो माकडांमध्ये फिरतो, डासांमार्फत माणसात येतो. आपल्याकडे तो डास घरोघरी, माकडे गावोगाव, आणि लोकांच्या अंगात या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. मग तो इथे का आला नाही, आणि उद्या आला तर काय? रॉकफेलर फाउंडेशनने पीतज्वरावर अनेक वर्षे काम केले होते. लस हाती आल्यावर त्यांचे शास्त्रज्ञ कीटकांमार्फत पसरणाऱ्या इतर विषाणूंकडे वळले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हे फाउंडेशन यांनी मिळून १९५२ मध्ये पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ सुरू केले. पहिले संचालक डॉ. जे. ऑस्टिन केर.

सुरुवातीचे मोठे काम म्हणजे देशाच्या निरनिराळ्या भागांतून लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा करून कोणत्या विषाणूंशी त्यांची आधी गाठ पडली आहे ते पाहणे. स्मिथबर्न, केर आणि गटणे यांचा हा अभ्यास १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल, इतकेच काय, पुढे साठ वर्षांनी गाजलेला झिका, यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे भारतीयांच्या रक्तात त्या वेळी आढळली. हे विषाणू एकाच कुळातले असल्यामुळे एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीत फसवू शकतात, हे आज आपण जाणतो. त्यामुळे त्या निकालांतला थोडा भाग चुलतभावंडांच्या खात्यावर टाकावा लागेल. तरीही भारताचा विषाणूंचा पहिला नकाशा तोच.

त्या काळची चाचणी आजच्या तरुण संशोधकांना नवलाची वाटेल. संशयित नमुना खलून, गाळून, जन्मून दोन-तीन दिवस झालेल्या पांढऱ्या उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत बारीक सुईने टोचायचा आणि मग वाट पाहायची. रोज पिंजरा उघडून बघायचे : पिल्लू दूध पिते का, थरथरते का, आईने त्याला बाजूला टाकले आहे का. आजारी पिल्लाचा मेंदू काढून पुढच्या पिल्लांना टोचायचा. यासाठी उंदरांची मोठी पैदास लागे, आणि ती सांभाळणाऱ्या परिचरांची नजर शास्त्रज्ञांपेक्षाही तयार असे. पिल्लाच्या अंगाचा रंग पाहून ‘हे आज जाणार’ म्हणणाऱ्या या माणसांची नावे शोधनिबंधांत सापडत नाहीत. संस्थेच्या पहिल्या वीस वर्षांतला जवळजवळ प्रत्येक शोध त्यांच्या हातून गेलेला आहे, हे येथे नोंदवून ठेवायला हवे.

याच काळात ओरिसातील गंजाम जिल्ह्यात शेळ्या-बकऱ्या आजारी पडल्या. त्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून एक नवा विषाणू मिळाला, त्याला जिल्ह्याचेच नाव मिळाले. पण संस्थेचे नाव जगात पोचवले ते १९५७ ने. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सागर-सोरब भागातल्या क्यासनूर जंगलाच्या आसपासच्या गावांतून निरोप आला : माणसे तापाने फणफणताहेत आणि रानात माकडे मरून पडताहेत. ज्या भीतीने केंद्र स्थापन झाले तीच दारात उभी राहिली असे वाटले. माकडांचे मरणे हीच तर पीतज्वराची खूण!

संचालक डॉ. टेलफोर्ड वर्क, डॉ. हॅरोल्ड ट्रापिडो आणि त्यांच्याबरोबरचे भारतीय सहकारी रानात उतरले. मेलेल्या आणि मरायला टेकलेल्या वानरांचे अवयव, तापकऱ्यांचे रक्त, आणि गोचिडे, असे नमुने पुण्याला रवाना होऊ लागले. विषाणू हाती आला तो पीतज्वराचा नव्हता. नातेवाईक निघाला तो रशियातील, गोचिडांमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराचा. सह्याद्रीच्या रानात सैबेरियाचा भाऊबंद! पुढे चित्र उलगडत गेले. हा विषाणू रानातल्या उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या लहान प्राण्यांत आणि गोचिडांत मुरलेला असतो. माकडाला तो झाला की ते मरते, त्याच्या अंगावरची गोचिडे खाली पडतात आणि जमिनीच्या त्या तुकड्यावर रोगाचे बी पेरले जाते. सरपणाला, गुरे चारायला गेलेल्या माणसाला गोचिडाचे बारीक पिल्लू चावते. ते इतके लहान की चावल्याचे कळतही नाही. मग एकदम भरणारा ताप, कपाळ फोडणारी डोकेदुखी, अंगदुखी, काहींना रक्तस्राव. माणसाकडून माणसाला मात्र हा आजार होत नाही. शास्त्रीय ग्रंथांत तो ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’. आपल्याकडे सिंधुदुर्गात आणि गोव्यात त्याला माकडताप म्हणतात.

साठचे दशक : रानातले ठाणे, नागपूरचा ताप

सागर येथे क्षेत्रीय ठाणे उभे राहिले. पांढरे फडके काठीला बांधून जंगलाच्या पाचोळ्यावरून ओढत न्यायचे, काही पावलांवर थांबायचे आणि कापडाला चिकटलेली गोचिडे चिमट्याने एकेक करून कुपीत भरायची, हे काम वर्षानुवर्षे, हंगामागून हंगाम चालले. डॉ. होर्हे बोशेल यांनी या कामातून एक महत्त्वाची गोष्ट मांडली : रान तोडून वस्ती आणि शेती आत घुसली, गुरे रानाच्या कडेला चरू लागली, मोठ्या गोचिडांना गुरांचे रक्त आयते मिळाले, त्यांची संख्या वाढली आणि रानात गुपचूप राहणारा विषाणू माणसापर्यंत आला. आज ‘पर्यावरण आणि आरोग्य’ या विषयावर परिसंवाद भरतात. हा विचार सागरच्या ठाण्यात साठीच्या दशकातच झाला होता.

या कामाची किंमतही मोजावी लागली. विषाणू हाताळताना संस्थेतले अनेक कर्मचारी माकडतापाने आजारी पडले. आजच्यासारखी बंदिस्त कपाटे, दाब नियंत्रित केलेल्या खोल्या तेव्हा नव्हत्या. लोक बरे होऊन पुन्हा त्याच टेबलाशी बसले.

सैबेरियाच्या भाऊबंदावरून आणखी एक शंका निघाली : हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पक्षी आपल्या अंगावरून गोचिडे आणत असतील का? त्यातूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. माकडताप पक्ष्यांनी आणल्याचे सिद्ध झाले नाही. पण भारतीय पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी जे ज्ञान जमले, त्याच्या मुळाशी शिमोग्याची मेलेली माकडे आहेत, ही गंमत पक्षिमित्रांनाही फारशी ठाऊक नसते.

१९६५ मध्ये नागपूर परिसरात तापाची साथ आली. पथक गेले. चिकुनगुन्या आणि डेंग्यू यांच्या शोधात घेतलेल्या नमुन्यांमध्ये दोन रुग्णांच्या रक्तातून एक अगदी वेगळाच विषाणू निघाला. डॉ. प्रवीण भट्ट आणि डॉ. एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी त्याचे वर्णन १९६७ मध्ये प्रसिद्ध केले, गावावरून नाव पडले ‘चांदीपुरा’. त्या वेळी तो फारसा गंभीर वाटला नाही. नोंद झाली, कुपी शीतपेटीत गेली. वेल्लोरमध्ये एका चिचुंद्रीतून मिळालेल्या विषाणूचेही तसेच झाले; तो हंताविषाणूंच्या कुळातला, तोही त्या कुळातला सर्वांत आधी हाती आलेला, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला. कुपी जपून ठेवणे हेही संशोधनच असते, हे या संस्थेने फार लवकर ओळखले.

१९६७ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने हात काढून घेतला आणि सगळा भार परिषदेवर आला. डॉ. टी. रामचंद्र राव यांच्यासारख्या डासांच्या जाणकाराने त्या संक्रमणाच्या काळात संस्थेला स्थैर्य दिले.

सत्तरचे दशक : नवे नाव

१९७३ मध्ये पश्चिम बंगालमधील बांकुऱ्यात जपानी मेंदूज्वराची मोठी साथ आली, त्याच वर्षी आपल्या बार्शीत चिकुनगुन्या आला. पथके दोन्हीकडे धावली. जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत राहतो, डुकरांत भराभर वाढतो आणि भातखाचरातल्या डासांमार्फत मुलांपर्यंत येतो. डुक्कर त्याने आजारी दिसतही नाही, म्हणून कोणी सावध होत नाही.

परदेशी पैशांवर चालणाऱ्या आरोग्य संशोधनाविषयी या दशकात संसदेपर्यंत चर्चा झाली, पक्ष्यांचा प्रकल्पही त्यातून सुटला नाही. संस्थेच्या आतही मतभेद, बदल्या, बढत्यांची नाराजी हे सारे कुठल्याही घरात असते तेवढे होते. स्मरणिकेत त्याची उजळणी करण्याचे कारण नाही. काम थांबले नाही, एवढे पुरे. १९७८ मध्ये केंद्राचे नाव ‘राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था’ झाले.

ऐंशी आणि नव्वदची दशके

डॉ. खोर्शेद पावरी यांच्या कारकिर्दीत संस्थेचे काम कीटकजन्य विषाणूंपलीकडे पसरले. एड्सचे नाव देशात नुकते ऐकू येऊ लागले होते, तेव्हा तपासणीची जबाबदारी घेणाऱ्या पहिल्या केंद्रांत वेल्लोरबरोबर पुणे होते. एचआयव्हीचा मूळ पुरुष चिंपांझीमधला विषाणू आहे हे नंतर स्पष्ट झाले. एड्सच्या कामासाठी पुण्यातच १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था वेगळी निघाली.

कर्नाटकातील कोलारकडे मिळालेला जपानी मेंदूज्वराचा विषाणू संस्थेने जपून ठेवला होता. त्याच वाणापासून पुढे भारत बायोटेकने लस तयार केली आणि ती २०१३ मध्ये बाजारात आली. माकडतापाच्या लसीची चाचणी कर्नाटकातील तीन जिल्ह्यांत नव्वदीच्या सुरुवातीला झाली. लस लोकांना मिळाली, पण तिचा प्रभाव कालांतराने उणा पडत गेला. २०२२ मध्ये ती थांबवावी लागली आणि नव्या लसीचे काम हाती घेतले गेले. गौरवग्रंथातही ही नोंद असावी असे आम्हाला वाटते, कारण नव्या लसीची गरज तिच्यातूनच पुढे आली.

२००१ ते २०१० : एकामागून एक

२००१ मध्ये सिलिगुडीत गूढ तापाने माणसे दगावली, त्यात रुग्णालयातले कर्मचारीही होते. तो निपाह होता हे नंतर, अमेरिकी प्रयोगशाळेच्या साथीने, पक्के झाले. फळे खाणारी मोठी वटवाघळे हे त्याचे घर. २००७ मध्ये नदिया जिल्ह्यात तो पुन्हा आला आणि लागण झालेले पाचही जण गेले.

२००३ मध्ये आंध्र प्रदेशात लहान मुलांना मेंदूज्वर होऊ लागला. ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली. सकाळी ताप, संध्याकाळी बेशुद्धी आणि दुसऱ्या दिवशी मृत्यू, इतका वेग. गुन्हेगार निघाला तो अडतीस वर्षांपूर्वी नागपूरजवळ सापडलेला, किरकोळ समजलेला चांदीपुरा. वाळूमाशी त्याची वाहक. १९६५ ची ती कुपी आणि तिची नोंद हाताशी नसती तर ओळख पटवायला किती दिवस गेले असते, याचा विचार करवत नाही. विदर्भात आणि गुजरातेतही तो नंतर दिसला.

२००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला. कोंबड्यांची तपासणी भोपाळला झाली, माणसांचे नमुने पुण्यात आले. माणसाला लागण झालेली आढळली नाही. २००९ मध्ये मात्र साथ संस्थेच्या अंगणातच आली. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यात, एका शाळकरी मुलीचा झाला. नायडू रुग्णालयापुढे रांगा, औषधांच्या दुकानांतून मास्क गायब, आणि प्रयोगशाळेत रात्रंदिवस चाचण्या. त्याच वर्षी सोलापूर-कोल्हापूरकडे म्हशींच्या सडांवर फोड आले आणि धारा काढणाऱ्यांच्या हातांवरही तसेच फोड उठले. म्हशींच्या देवीचा तो विषाणू. कोणी दगावले नाही, त्यामुळे वर्तमानपत्रांतही त्याला फारशी जागा मिळाली नाही. संस्थेचे लोक मात्र गोठ्यागोठ्यांतून फिरले.

२०११ ते २०२० : पाषाणची बंद दारे

जानेवारी २०११ मध्ये अहमदाबादहून आलेल्या नमुन्यांत क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप निघाला. देशातली ही पहिलीच नोंद. तोही गोचिडांतून येणारा. गुरे-शेळ्यांना त्याचा त्रास दिसत नाही, माणूस मात्र रक्तस्रावाने जातो. रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका दोघेही दगावले. अशा विषाणूंसाठी सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा का हवी, हे त्यानंतर कोणाला पटवून द्यावे लागले नाही. डिसेंबर २०१२ मध्ये पुण्यातील पाषाण येथे देशातील पहिली ‘बीएसएल-४’ प्रयोगशाळा सुरू झाली.

आत जाणारा अंगावरचे सगळे कपडे उतरवतो, आतले कपडे घालतो, वर हवा भरलेला सूट. छतातून लोंबणारी हवेची नळी सूटला जोडायची. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना ती काढायची, पुढची जोडायची. खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणून आतली हवा बाहेर येत नाही; सूटमध्ये दाब खोलीपेक्षा जास्त, म्हणून तो फाटला तरी हवा आत न शिरता बाहेर जाते. कानात सतत हवेचा घोंगावा, जाड हातमोजे, आणि अशा हातांनी थेंबाथेंबाचा हिशेब ठेवायचा. बाहेर पडताना सूटसकट रसायनाची आंघोळ, मग साध्या पाण्याची. आतले सांडपाणीही निर्जंतुक करूनच बाहेर सोडतात. एकट्याने आत जायचे नाही, हा नियम. ही यंत्रणा अहोरात्र चालू ठेवणारे वीज आणि वातानुकूलनाचे तंत्रज्ञ शोधनिबंधांत दिसत नाहीत. त्यांची एक चूक मात्र सर्वांना दिसली असती.

याच दशकात माकडताप शिमोगा आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांपलीकडे गेला. बंदीपूर, वायनाड, मग २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग. काजूच्या हंगामात बोंडे गोळा करायला बागेत वाकणारी माणसे आणि पाचोळ्यातली गोचिडे यांची गाठ नेमकी त्याच महिन्यांत पडते. या भागातल्या तपासणीत मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्राचा वाटा मोठा आहे, तो मोकळेपणाने सांगायला हवा. आशासेविका, आरोग्यसेवक, वनखात्याचे लोक यांनी गोचीड पळवणारे तेल वाटले, मेलेल्या माकडांच्या जागा निर्जंतुक केल्या.

मे २०१८ मध्ये केरळच्या कोळिकोडला निपाह आला. सिलिगुडीत निदानाला काही वर्षे लागली होती, इथे काही दिवस. केरळच्या आरोग्य यंत्रणेने तत्काळ संशय घेतला, पुण्याने खात्री केली, आणि संस्थेच्या पथकाने त्याच जिल्ह्यातील पेरांब्र्यात वटवाघळे पकडून त्यांच्यातही विषाणू दाखवला.

२०२० नंतर

३० जानेवारी २०२० रोजी देशातला पहिला कोरोना रुग्ण पुण्याच्या चाचणीत निश्चित झाला. मार्चमध्ये विषाणू वेगळा करण्यात आला. प्रतिपिंडांची ‘कोविड कवच’ चाचणी येथेच तयार झाली, आणि येथल्याच वाणापासून भारत बायोटेकने ‘कोव्हॅक्सिन’ केली. लसीची चाचणी करायला माकडे हवी होती. टाळेबंदीत शहरे ओस पडली होती, खायला मिळेना म्हणून माकडे रानात आत निघून गेली होती. शोधत शोधत शेवटी ती नागपूरकडे मिळाली. संचालक डॉ. प्रिया अब्राहम आणि बीएसएल-४ सांभाळणाऱ्या डॉ. प्रज्ञा यादव यांची नावे त्या काळात सर्वांनी ऐकली. त्यांच्यामागे दोन-दोन पाळ्यांत राबलेली शेकडो माणसे होती.

कोरोनाच्या गदारोळात इतर विषाणू काही रजेवर गेले नव्हते. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा आढळल्या. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसरला महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला. त्याच महिन्यात बर्ड फ्लूने माणसाचा देशातला पहिला मृत्यू नोंदला गेला, हरियाणातील एका मुलाचा. २०२३ मध्ये कोळिकोडला पुन्हा निपाह आला, तेव्हा संस्थेची फिरती प्रयोगशाळा तेथे जाऊन उभी राहिली आणि नमुन्यांचा पुण्यापर्यंतचा प्रवास वाचला. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत चांदीपुरा परतला. माणूस, पाळीव जनावर आणि रान यांचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात झाली.

आज पुण्यात दोन परिसर, शिवाय मुंबई, बेंगळुरू आणि आलप्पुळा येथे शाखा असा संस्थेचा पसारा आहे.

वाचकांना आणि विशेषतः माजी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना एक विनंती. सागरच्या ठाण्यावर, उंदरांच्या खोल्यांत, साथीच्या दौऱ्यांवर ज्यांनी काम केले त्यांतील कित्येकांची नावे कोणत्याही छापील नोंदीत नाहीत. घरात जुने फोटो, दौऱ्याच्या डायऱ्या, पत्रे असतील तर त्यांच्या प्रती संस्थेच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात. फोटोतल्या माणसांची नावे मागे लिहिली तर फार बरे.